पोत्याचं तोंड

मांजरीनं पुढचा पाय पोत्यात टाकला आणि नानाजींनी श्वास रोखला. पोत्याच्या तोंडाची दोरी त्यांच्या मुठीत होती. एक हिसका दिला की काम फत्ते.

पंधरा दिवस ते या घडीची वाट पाहत होते. ही कानफाटी मांजर भारी बेरकी. दोनदा तिनं दह्याचं गाडगं फोडलं, पण हाती म्हणून लागेना. मारावी तर पाप. मग नानाजींनी रोज दूध ठेवायला सुरुवात केली. आधी कुंपणापाशी, मग ओसरीवर, मग पोत्याजवळ. आज तिला नदीपलीकडे सोडून द्यायचं होतं.

आज आणखी एकीला पोचवायचं होतं. अंगणात गाडीवान कवडू बैल जुंपून उभा होता. नानाजींची लेक सुंदरा चार दिवसांपूर्वी जामहून, सासरहून, एकटीच पळून आली होती. मनगटावर तापल्या चिमट्याचा डाग. मागोमाग सासरचा निरोप आला, रविवारपर्यंत पाठवा, नाहीतर ठेवून घ्या कायमची. आज रविवार. नानाजींना डाग दिसला नव्हता असं नाही हो! पण लोक काय म्हणतील, याची धास्ती त्याहून मोठी. सुंदरा गाठोडं घेऊन दारात उभी होती. बापाशी एक शब्द बोलत नव्हती.

मांजरीनं पोत्यात वास घेतला आणि एकदम मागे फिरली. कुंपणाआड दिसेनाशी झाली.

"हत् तिच्या मायले! गेली!" नानाजी चरफडले.

पण ती परत आली. तोंडात डोळे न उघडलेलं पिल्लू होतं. ते तिनं अलगद पोत्यात ठेवलं. मग दुसरं आणलं. मग तिसरं. शेवटी स्वतःही आत शिरली, पिल्लांना पोटाशी घेतलं आणि नानाजींच्या देखत डोळे मिटले.

"ओढा न जी दोरी!" कवडू ओरडला. "काऊन थांबले? ऊन चढून राह्यलं."

नानाजींचा हात उठेना.

"भरोशानं आली गा बिचारी माह्यापाशी," ते म्हणाले. "तिले आता कसं टाकू?"

"अन् मी कोनाच्या भरोशानं आलती, बाबा?"

सुंदरा बोलली होती.

नानाजींनी मुठीतली दोरी सोडली. मग उठले. लेकीच्या हातातलं गाठोडं घेतलं.

"कवडू," त्यांनी हाक मारली, "बैल सोड गा."