तासाभराची झोप

अश्विनीने ट्रॅक्टरच्या पायरीवर पाय ठेवला, हात आत घातला आणि टेपमधला पेनड्राइव्ह उपटून काढला. गाणं मधेच तुटलं. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांमागे अडकलेल्या मोटारसायकलींचे हॉर्न एकदम ऐकू यायला लागले.

“ऐका,” ती म्हणाली. “इतका वेळ वाजतायत. तुम्हाला कळलं तरी का?”

कल्याण भांडला नाही. पाथर्डीकडून हंगामापुरता आलेला, तिशीच्या आतला ड्रायव्हर. डोळे लाल, ओठ फुटलेले. “राहू द्या की ताई तेवढं,” एवढंच तो म्हणाला.

“कारखान्यावरून माघारी येताना घेऊन जा.”

रस्त्यात उभ्या असलेल्या गावातल्या सहादेव नानांनी लाल झेंडी खाली केली. ट्रॅक्टर हलला.

अश्विनी गावात दूध संकलन केंद्र चालवायची. मागच्या हंगामात शाळेला सायकलवर निघालेल्या तिच्या मुलीला, संस्कृतीला, एका ट्रॉलीचा धक्का लागला. ती रस्त्याकडेच्या चारीत पडली, हात मोडला. पोरगी ओरडत राहिली आणि ट्रॅक्टर गाणी वाजवत पुढे निघून गेला. ड्रायव्हरला पत्ताही नव्हता. तेव्हापासून अश्विनीने गावातली सात-आठ माणसं गोळा केली होती. त्यांनी ट्रॉल्यांना मागून चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. रस्त्याच्या कडेने चुन्याची रेघ ओढून पोरांना सायकलींसाठी वाट आखून दिली. शाळेच्या वेळेला झेंड्या घेऊन ते आळीपाळीने उभे राहत. ड्रायव्हर लोक सगळं ऐकायचे, गाण्याचं तेवढं सोडून. झेंडी दिसली की आवाज कमी, वळण गेलं की पुन्हा तेच. त्यात कल्याण सगळ्यांच्या पुढे.

आज तो मुकाट निघाला होता. अश्विनीला बरं वाटलं. “बघा नाना, कसा कडेकडेनं चाललाय.”

सहादेव नाना डोळ्यांवर हात धरून बघत होते. “कडेनं न्हाई गं. घसरतोय त्यो.”

पुढचं चाक चुन्याच्या रेघेवर आलं. मग रेघेच्या पलीकडे गेलं. थोड्या अंतरावर त्याच वाटेने शाळेच्या पोरी सायकलींवर चालल्या होत्या, पाठमोऱ्या, गप्पा मारत. अश्विनीने स्कूटीला किक मारली. ती ओरडत होती. पोरींनी मागे वळून पाहिलं आणि सायकली टाकून बांधावर उड्या घेतल्या. ट्रॅक्टर रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगाऱ्यात शिरला, दोन गचके खाऊन बंद पडला.

कल्याणचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलेलं होतं. गचक्याने त्याला जाग आली होती, पण आपण कुठे आहोत ते त्याला उमजत नव्हतं. मग त्याला पोरी दिसल्या.

“लागलं का कुनाला?”

“नाही. प्यायलात काय?”

“न्हाई ताई. देवाची आन. झोप हाय.”

“शेवटचं कधी झोपलात?”

त्याने आठवून बघितलं. त्याला सांगता येईना. दिवसभर उसाच्या फडात ट्रॉल्या भरायच्या, रात्रभर कारखान्याच्या यार्डात रांगेतला नंबर पुढे सरकवत बसायचं, रिकामं झालं की परत फडाकडे. “गानं वाजत असलं की डोळं उघडं राहत्यात,” तो म्हणाला. “न्हाईतर कवाच मिटलं असतं.”

अश्विनीच्या मुठीत पेनड्राइव्ह होता. पोरी सायकली उचलत होत्या, एकमेकींच्या कपड्यांवरची माती झटकत होत्या. मग तिने तो पेनड्राइव्ह कल्याणच्या शर्टाच्या खिशात टाकला.

“उतरा खाली. नानांच्या अंगणात बाज आहे. तिथं झोपा.”

“नगं ताई.” तो घाबरल्यासारखा मागे सरला. “एकदा आडवा झालो तर मी उठनारच न्हाई. तोडनीची टोळी खोळंबती. बायको हाय माझी टोळीत, तिला बोलनी बसत्यात.”

“तासाभरानं मी उठवते ना.”

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हे त्याला कधी कुणी म्हटलंच नव्हतं.

बाजेवर पाय वर घ्यायच्या आतच त्याला झोप लागली. नाना यार्डात उशीर होईल म्हणून सांगायला गेले. अश्विनी केंद्र बंद ठेवून ट्रॅक्टरजवळ बसून राहिली आणि बोलल्याप्रमाणे तासाभराने तिने त्याला हाक मारली. तो उठला, चूळ भरली, चहा प्याला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तो आपणहून थांबला, येताना आणखी एका ड्रायव्हरला घेऊन.

गटात कुरबूर झाली. “आपण पोरांसाठी उभे राहिलो होतो,” बिभीषण म्हणाला, “ट्रॅक्टरवाल्यांची धर्मशाळा काढायला नाही.” अश्विनीने घरातली बाज आणून नानांच्या अंगणात टाकली. दोन दिवसांनी बिभीषणनेही आपली आणली. माणसं झेंड्यांसोबत आता झोपलेल्यांना हाका मारायच्या पाळ्याही लावून घेऊ लागली.

माघ संपत आला होता. सकाळची वेळ. नानांच्या अंगणात तिन्ही बाजांवर ड्रायव्हर तोंडावर टॉवेल टाकून झोपले होते. रस्त्यावरून शाळेच्या पोरी आल्या, नेहमीसारख्या कलकलत, सायकलींच्या घंट्या वाजवत. सगळ्यांत पुढे संस्कृती होती. अंगणासमोर आल्यावर तिने ब्रेक दाबला, मागे वळली आणि दबक्या आवाजात म्हणाली,

“घंट्या वाजवू नका गं. झोपू द्या त्यांना.”