निळी वायर

राउटरपासून स्पीकरपर्यंत मी निळी वायर ओढत होतो, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, घराला सलाईन लावताय का?”

“वायफायवर गाणं अडखळतं, असं वाचलंय,” मी पुटपुटलो.

“तुम्हाला गाण्यातलं काय कळतं? लग्न ठरवताना आपल्याला त्या मैफलीत भेटवलं, तर पहिल्याच आलापात घोरत होतात!”

“डोळे मिटून ऐकत होतो,” मी चाळीस वर्षांपूर्वीचंच उत्तर दिलं. तिनं वडिलांच्या धाकानं होकार दिला असावा, ही माझी शंकाही तितकीच जुनी. विचारायचं धाडस कधी झालं नाही.

वायर जोडून मी पुरावा म्हणून त्याच मैफलीचं, गायनमंडळानं इंटरनेटवर टाकलेलं ध्वनिमुद्रण लावलं. तेव्हा आम्ही माइकजवळच बसलो होतो. आवाज इतका स्वच्छ आला, की आलापामागचं माझं घोरणंही ऐकू आलं. बायको टाळ्या पिटून हसली.

मग मेव्हणीची कुजबुज आली, “ताई, हा तर झोपला! बाबांना नकार कळवू?”

“गप गं. मला पसंत आहे.”

बायकोचं हसू थांबलं. कान लाल झाले.

“वायर काढू का?” मी विचारलं.

“पायात येते,” ती म्हणाली, “पण राहू द्या.”