पेशंटची सही

मॅनेजमेंटच्या मुलांना पुस्तकापलीकडे काही येत नाही, अशी कंपन्यांची ओरड होती. म्हणून कॉलेजने यंदाची परीक्षा व्हीलचेअर विकणाऱ्या एका कंपनीतच ठेवली. नाराज गिऱ्हाइकाला फोन करायचा आणि तीन मिनिटांत त्याची समजूत काढायची. एका विद्यार्थिनीच्या वाट्याला पहिल्याच फोनला एक आजोबा आले. शेजारी सर घड्याळ लावून बसले होते.

"खुर्ची उशिरा मिळाली, माफ करा आजोबा. पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट देऊ," तिने कागदावरचं वाचून टाकलं.

"सूट राहू दे बाळा. आमची ही गेल्यावर आठ दिवसांनी आली खुर्ची. दारातच पडून आहे, येताजाता पायात येते. घेऊन जा म्हटलं, तर तुमची माणसं म्हणतात फॉर्मवर पेशंटची सही हवी. आता तिची सही मी कुठून आणू?"

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. सर बोटाने 'आटप, आटप' खुणावत होते. तिने पत्ता विचारून घेतला, फोन ठेवला आणि पर्स उचलली.

"कुठे निघालीस? अजून सहा फोन बाकी आहेत. नापास होशील!"

"खुर्ची आणायला, सर. आजोबांना दार उघडं ठेवायला सांगितलंय."