परत आलेली फुंकर

दत्तारामनं भंगारात पडलेल्या जुन्या मोटारीच्या इंजिनच्या ब्लॉकमधल्या तेलाच्या भोकाला तोंड लावून फुंकर मारली. ती दुसऱ्या टोकानं निघायची, तर कुणी आतून परतवावी तशी त्याच्याच तोंडावर आली. त्यानं तार सारली. मध्येच कोरं लोखंड लागलं. कारखान्यात भोक आरपार पाडलंच नव्हतं. पुढं तेल कधी पोचलंच नव्हतं.

ही मोटार नवीकोरी असताना घाटात इंजिन जाम होऊन दरीत गेली होती. चालवत होते त्याचे वडील; ते वाचले नाहीत. ड्रायव्हरनं तेल बघितलं नाही, असं सगळे म्हणाले. दत्तारामही तेच खरं मानून, मान खाली घालून मोठा झाला.

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली.

“तेल बघून झालं की ते मापाची पट्टी बाहीलाच पुसायचे,” ती म्हणाली. “रोज तो डाग मी धूत होते. मला कुणी विचारलं नाही. तूपण नाही.”