जुनं पाणी

खडकीच्या भालेरावांकडून आम्ही खाऱ्या पाण्यातले सहा मासे घेतले, त्यांच्या टाकीतल्या दगडवाळूसकट. नारायण पेठेतल्या आमच्या हॉलमध्ये नवी, मोठी टाकी तयार होती.

"जुनं पाणीही न्या," भालेराव म्हणाले. "सगळंच नवं असलं तर मासे दगावतात."

पाणी कॅनमधून आणलं. मासे जगले, पण मी खाणं टाकायला गेलो की दगडाआड जायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता सहाही मासे दाराकडच्या काचेला येऊन चिकटले. दार बंद होतं. मग ते काचेलगत हळूहळू सरकू लागले, जणू चालत आलेल्या माणसाच्या सोबतीनं.

टाकीपाशी उभं राहूनच मी भालेरावांना फोन लावला.

"अहो, तुमच्याकडे चारला यांना खाणं कोण द्यायचं?"



"तीन दिवस झाले, आमच्याकडे कोणी आलेलं नाही," ते हलकेच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मासे थांबले होते. सगळ्यांची तोंडं हॉलच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या बायकोकडे होती. पूर्णिमा खिडकीशी पाठमोरी बसून मटार सोलत होती.

"अहो," मान न वळवता ती म्हणाली, "तो ओला हात काढा आधी माझ्या खांद्यावरून."