अँगसच्या चाली

“देणार नाही,” हेक्टर म्हणाला आणि किटलीतला चहा मुद्दाम एकट्यापुरताच ओतून घेतला.

मोरॅग कोटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. खांद्यावर फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, पेटी. हॅलिफॅक्स शहरातून ती वाटेत कुठेही न थांबता आली होती. सख्खा धाकटा भाऊ, पण तो ‘बस’ म्हणाला नाही. तिनेही तशी अपेक्षा ठेवली नव्हती.

“शनिवारी हॉलमध्ये बाबांच्या नावाने नाच आहे. अख्खं गाव येणार,” ती म्हणाली. “त्यात त्यांची शेवटची एकही चाल वाजायची नाही? लोक काय म्हणतील?”

“लोकांची पर्वा तुला कधीपासून, ताईसाहेब? अंत्यविधीला नव्हती ती.”

“बर्फामुळे रस्ते बंद होते. तुला माहीत आहे.”

“बर्फ इथेही होता. मी होतो.”

आमच्या केप ब्रेटन बेटाच्या या किनाऱ्यावर घरटी एक फिडल सापडेल, पण स्वतः चाली बांधणारा या दोघांचा बाप, म्हातारा अँगसच होता. लिहून ठेवणं त्याला कधी जमलं नाही. शेवटच्या आजारपणात घराबाहेर पडणं बंद झालं, आणि तेव्हाच त्याला चालींमागून चाली सुचू लागल्या. मग बोटं थरथरायला लागली. म्हातारा घाबरला. मुलाला म्हणाला, “फोन काढ. मी वाजवतो, तू भरून घे आणि मोरॅगला पाठव.” अशा चाळीसेक चाली भरल्या गेल्या. तिसऱ्या कुणी त्या ऐकल्या नव्हत्या. पाठवली मात्र एकही गेली नाही.

हेक्टरची बाजू नव्हती असं नाही. म्हाताऱ्याला अंघोळ घालणं, भरवणं, चादरी धुणं, सगळं त्याने एकट्याने केलं. आणि म्हातारा रोज संध्याकाळी विचारायचा ते एकच, “मोरॅगचा फोन आला का?” असल्या घरात कुणाचंही डोकं फिरेल. आता आयुष्यात पहिल्यांदा तिला हवी असलेली वस्तू त्याच्या मुठीत होती, आणि मूठ उघडायची त्याची तयारी नव्हती.

“निदान बॅकअप तरी घेतलायस का?” तिने विचारलं. “तुझा आधीचा लॅपटॉप बोटीत भिजून मेला होता.”

“मला शिकवू नकोस.” त्याने फोन, टॅब आणि लॅपटॉप टेबलावर ओळीने मांडले. तिन्हींवर तीच यादी, चालींची नावं एकाखाली एक. “तीन ठिकाणी आहेत. फोनवर भरलं की उरलेल्या दोघांवर आपोआप जातं. दोन बंद पडली तरी एक राहील.”

“आपोआप जातं म्हणजे ती तीन ठिकाणं नव्हेत रे.”

“आली मोठी शहाणी.”

तिने वाद घातला नाही. कोटाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. “यात घाल. पाच मिनिटांचं काम आहे. नंतर तुझं तोंड पाहायला येणार नाही.”

“नाक घासून माग.”

“बाबा माझ्यासाठी वाजवत होते, हेक्टर.”

हे ती बोलायला नको होती. खरं होतं, म्हणूनच नको होती. हेक्टरचे कान लाल झाले. त्याने फोन उचलला, तिच्याकडे बघत बघत सगळी यादी निवडली आणि उडवली. मग कचरापेटी उघडून तीही रिकामी करायला घेतली. फोनने दोन ओळींचं काहीतरी विचारलं. ते न वाचताच त्याने ‘हो’ दाबलं. हा निव्वळ खुनशीपणा होता, दुसरा शब्द नाही.

“एका ठिकाणचं गेलं,” तो म्हणाला. “दोन उरली. आता परत म्हण, तुझ्यासाठी वाजवत होते म्हणून.”

मोरॅग फोनकडे बघतच नव्हती. तिची नजर टॅबवर होती. तिथली नावं खालून वर एकेक करून जात होती; फोनवरचं पुसणंही आपोआप तिकडे पोचत होतं. टॅब रिकामा झाला. मग लॅपटॉपवरची यादी गेली.

हेक्टरने टॅब हातात घेऊन हलवला. लॅपटॉप मिटून पुन्हा उघडला. धावत जाऊन इंटरनेटची वायर उपटून आला. त्याने काही फरक पडला नाही.

“परत आण,” मोरॅग म्हणाली.

“येत नाहीत.”

“कचरापेटीतून काढ.”

“तू बघितलंस ना मघाशी.”

तो खुर्चीत बसला. मोरॅगला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. तिने पेटी उघडली, फिडल काढली आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.

“गुणगुण,” ती म्हणाली.

“काय?”

“वेड पांघरू नकोस. म्हातारा वाजवत होता तेव्हा तू समोर होतास. प्रत्येक वेळी होतास. मी तुझ्या तोंडून उचलते.”

“मला सूर नाही, मोरॅग.”

“नसू दे. बेसूर चालेल, अर्धी चालेल. एक तरी दे. ती मिळाली की मी तुला माफ केलं.”

हेक्टरने तोंड उघडलं, पण सूर निघेना.

“नंतर लावून ऐकल्या असशील ना कधी?” तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“नाही. आहेत म्हटल्यावर कशाला लावायच्या?”

“मग वाजवताना ऐकलेलं सांग.”

“तेव्हाही ऐकत नव्हतो,” तो म्हणाला. “रेकॉर्डिंग चालू आहे ना, म्हणून सगळा वेळ फोनवरचा लाल ठिपका बघत बसायचो.”