अंगठीने ऐकलेले शब्द

धातुशोधक नसीमाला द्वारकाबाईंनीच बोलावले होते. वीस वर्षे ज्या बंगल्यात स्वयंपाक केला, तिथेच त्यांच्यावर अंगठी चोरल्याचा आळ आला होता.

“म्हणे धातू बोलतो!” मालक प्रतापराव व्हरांड्यातून हसले. “आणि त्या हेडफोनला साधी वायरसुद्धा नाही.”

नसीमा धातू शोधायचे यंत्र जमिनीवरून फिरवत बागेत निघाली. जमिनीत जाण्यापूर्वी धातूने ऐकलेले शेवटचे शब्द ही नवी यंत्रे स्वच्छ ऐकवत, हे पोलिसांना ठाऊक होते. पेरूच्या झाडाखाली तिच्या कानात पुरुषाचा आवाज उमटला. तिने लगेच दुसरा बिनतारी हेडफोन चोरीच्या तपासाला आलेल्या हवालदार शिर्केंच्या कानावर चढवला.

“पुरतो इथेच. चोरीचा आळ आला, की म्हातारी मुकाट्याने मागची खोली सोडेल.”

शिर्केंनी वळून प्रतापरावांकडे पाहिले. आवाज ओळखायला वेळ लागला नाही. नसीमाने माती उकरून अंगठी शिर्केंच्या हातावर ठेवली.

प्रतापराव घाईघाईने पायऱ्या उतरले. “द्वारकाबाई, मिटवून टाका. आमचं मीठ खाल्लंय तुम्ही.”

“वीस वर्षं तुम्हाला रांधून मी घातलं,” त्या म्हणाल्या. “अळणी माणसाला मिठाची काय चव कळणार!”

आणि जबाब द्यायला त्या हवालदारांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसल्या.